पुढील स्टेशन आंबिवली, दोन सुलट, दोन उलट

माझी भाची नॉर्वेत ट्रॉनहाइमला असते. तिकडे थंडी जास्त आणि माणसं कमी, त्यामुळे तिला मावशीची आठवण वरचेवर येते. गेल्या महिन्यात तिने मला एका सहलीचं माहितीपत्रक पाठवलं. सहल कसली, तर विणकामाची. फक्त बायकांसाठी, त्यातही आठच जणी. तळ्याकाठचं जुनं लाकडी घर. सकाळी न्याहारी आणि मग विणकाम, दुपारी जेवण आणि मग विणकाम, संध्याकाळी शेकोटी आणि शेकोटीसमोर विणकाम. मधे एक दिवस मेंढ्या बघायला नेणार. सात दिवस संसारापासून लांब, घाई नाही, गोंगाट नाही, शिवाय नव्या मैत्रिणी. विमानाचं भाडं सोडून अडीच लाखांच्या घरात जाईल, असा हिशेबही भाचीने करून दिला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘मावशी, हे अगदी तुझ्यासाठीच आहे गं!’

मी पत्रक दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. फक्त बायका. रोजची ठरलेली मंडळी. खिडकीबाहेर निसर्ग, हातात सुया, अधूनमधून खाणं आणि संसार मागे कुठेतरी फलाटावर राहिलेला. हे सगळं मी एकतीस वर्षं केलंय. रेल्वेच्या पासावर केलंय. मेंढ्या बघायला मात्र आम्हाला वेगळं जावं लागलं नाही, डब्यात आम्हीच तशा भरलेल्या असायचो.

आंबिवली म्हणजे कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या बाजूला, शहाड आणि टिटवाळा यांच्या मधलं स्टेशन. मुंबईच्या ऑफिसात कोणी विचारलं की आम्ही सांगायचो, ‘टिटवाळ्याच्या अलीकडे.’ गणपतीमुळे टिटवाळा सगळ्यांना ठाऊक. आंबिवली म्हणजे देवळाबाहेर चपला ठेवायची जागा. तिथूनच पुढे जायचं, पण नाव कोणी घ्यायचं नाही.

धाग्याशी मात्र आमच्या गावाचं जुनं सूत आहे. आंबिवलीला उतरून मोहन्याला गेलं की नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना, सगळ्यांच्या तोंडी एनआरसी. तिथे रेयॉनचा धागा व्हायचा. लहानपणी मला वाटायचं, आत रेशमाचे किडे पाळले असतील. पुढे कळलं की हे किडे नव्हेत, हा तर चकलीचा सोऱ्या. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइड घालून त्याचा दाट पाक करायचा आणि बारीक भोकांच्या चकतीतून तो आम्लात सोडायचा. शेव पडावी तसा धागा पडतो. लाकडापासून रेशीम! सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ असतात, आमच्या गावाने झाडावरून सूत गाठलं होतं. तो कारखाना २००९ पासून बंद आहे. शेजारी शहाडला बिर्लांचं सेंच्युरी रेयॉन आहे, तिथेही हाच उद्योग. आणि गंमत बघा, आदित्य बिर्ला समूहाने २०११ साली स्वीडनमधला एक लगद्याचा कारखाना विकत घेतला, डोम्शो नावाचा, अशाच धाग्यांसाठी लागणारा लगदा करणारा. म्हणजे तिकडच्या झाडांचं सूत होतं हे इकडच्या शेठजींना माहीत आहे. आम्हालाच तेवढं विणायला तिकडे बोलावतात.

आता कोणी विचारेल, आंबिवलीत स्वेटर कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे थंडी पाहुण्यासारखी येते. डिसेंबरात एकदा, जानेवारीत एकदा, दोन्ही वेळा ‘बसते जरा’ म्हणून तीन दिवस राहते आणि निघते. पण विणकामाचा आणि थंडीचा संबंध असतो, हा गैरसमज फक्त थंड देशांत आहे. आपल्याकडे स्वेटरचा संबंध डोहाळजेवणाशी. कोणाला दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात कुजबुज आणि पाचव्या महिन्यात टाके. बाळ मे महिन्यात होणार असलं तरी कुंची, टोपडं, पायमोजे आणि बंडी हा संच व्हायलाच हवा. घामाने निथळणारं बाळ त्या बंडीत लालबुंद होऊन किंचाळतं आणि जमलेल्या बायका म्हणतात, ‘कसं गं गोंडस दिसतंय!’

लोकर म्हणतो, तीही लोकर नव्हे. आमच्या वेळी कॅशमिलॉन म्हणायचो. मी भाचीच्या मुलीसाठी मोठ्या हौसेने एक स्वेटर विणून पाठवला, जांभळा, समोर दोन बदकं. भाचीने फोनवर आधी भरभरून कौतुक केलं, मग हळूच म्हणाली, ‘मावशी, फक्त एक आहे, ही लोकर मेंढीची नाही गं. हे प्लॅस्टिक आहे.’ मी म्हटलं, ‘अगं, बदकं तरी कुठे खरी आहेत?’ तिने परतभेट म्हणून अस्सल मेंढीच्या लोकरीचे हातमोजे पाठवले. ट्रॉनहाइमच्या जवळ सेल्बू म्हणून गाव आहे, तिथली ही खासियत. १८५७ साली मारित नावाच्या तिथल्या एका मुलीने काळ्यापांढऱ्या लोकरीत आठ पाकळ्यांचं फूल विणून हातमोजे केले, म्हणे सोळा वर्षांची होती. त्या फुलाने गावाला पोटापाण्याचा धंदा दिला, आज गावाच्या मानचिन्हावर ती फुलं आहेत. मी ते फूल बघितलं आणि ओळखलं. आपलं अष्टदल कमळ, ठिपक्यांच्या रांगोळीतलं. हातमोजे फार उबदार आहेत. मी ते कुकर उतरवायला वापरते.

पण मी सांगत होते डब्याचं.

आमची गाडी टिटवाळ्याहून सुटणारी, सहा-बावन्न. मुंबईच्या गाडीला नाव नसतं, वेळ असते, आणि ती वेळ गाडी सोडून बाकी सगळे पाळतात. आंबिवलीला गाडी येईपर्यंत टिटवाळ्याच्या बायका बसून आलेल्या असायच्या. ज्यांना खिडकीचा फार सोस त्या आंबिवलीहून उलट्या टिटवाळ्याला जाऊन ‘रिटर्न’ यायच्या. आमच्या ग्रुपमध्ये टिटवाळ्याच्या ताई होत्या, म्हणून आम्हाला तो वनवास नव्हता. ताई बाकावर लोकरीची पिशवी ठेवायच्या आणि पिशवीतून दोन सुया वर काढून ठेवायच्या. रुमाल टाकलेली जागा बायका उचलून घेतात, पर्स ठेवलेली जागा भांडून घेतात. दहा नंबरच्या दोन सुया उभ्या असलेल्या जागेवर बसायचं धाडस एकतीस वर्षांत कोणी केलं नाही.

नावं आमची स्टेशनांवरून पडलेली. टिटवाळ्याच्या ताई, शहाडवाली, वासिंदच्या बाई आणि मी आंबिवली. वासिंदच्या बाई कधी आसनगाव गाडीने यायच्या, कधी आमच्या. कोणाचं आडनाव काय, हे आम्हाला एकमेकींच्या मुलांच्या लग्नपत्रिकांवरून कळलं.

विणकाम शाळेत शिकवतात ते वेगळं आणि लोकलचं वेगळं. लोकलचं विणकाम वेळापत्रकाप्रमाणे चालतं. टिटवाळा ते कल्याण गाडीत हवा असते, तेव्हा नखरे करून घ्यायचे: पीळ, जाळी, बदकं वगैरे. कल्याणला लोंढा चढला की नखरे बंद, सरळ सुलट ओळ. डोंबिवलीला दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटतात, तिथे विणायचं नाही, फक्त झालेले टाके मोजायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. ठाण्याला थोडी जागा होते. घाटकोपरला डबा सैल झाला की मुंढ्याची घट, गळ्याची घट असली डोक्याची कामं काढायची. म्हणून आमच्या स्वेटरवर मध्य रेल्वेचा नकाशा वाचता यायचा. बॉर्डरच्या वर चार बोटं घट्ट पट्टा दिसला की समजावं, डोंबिवली. एकदम सैल पट्टा दिसला की गाडी पत्रीपुलाशी अडकली होती. तेव्हा फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा, आणि दिवे कधी लागायचे, कधी नाही. अंधारात बडबड थांबायची, सुयांची टकटक चालू राहायची. उजेड आला की कोणाचाही टाका सुटलेला नसायचा. एखाद्या नव्या मुलीने अंधाराला घाबरून हात धरलेला असला तर तेवढ्यापुरता तो हात बाजूला ठेवून ओळ पुरी करायची.

२६ जुलै २००५ ला गाडी जिथे थांबली तिथे रात्रभर थांबली. त्या रात्री वासिंदच्या बाईंनी एका स्वेटरची अख्खी पाठ विणून काढली. सकाळी कमरेएवढ्या पाण्यातून पिशवी डोक्यावर धरून त्या चालत निघाल्या. तो स्वेटर त्यांनी पुढे कोणाला दिला नाही. घालतही नाहीत. कपाटात आहे.

डब्यातला एक नियम कडक होता. कोणी टाके मोजत असेल तर तिला हाक मारायची नाही. एकदा शहाडवाली मफलरीचे टाके घालत होती आणि समोर महिला टीसी येऊन उभी राहिली.

‘पास?’

‘शहाऐंशी,’ शहाडवाली म्हणाली.

‘मॅडम, पास दाखवा.’

‘सत्त्याऐंशी.’

‘अहो, काय?’

‘अठ्ठ्याऐंशी.’

टीसीबाई समजूतदार होत्या. शंभर होईपर्यंत थांबल्या, मग पास बघितला आणि म्हणाल्या, ‘मफलरीला शंभर? अंथरूण करताय का?’ त्या दिवशी कळलं, त्याही विणतात.

आणि तो गुंड्याचा प्रसंग. पिवळी लोकर होती, लिंबाच्या रंगाची. गुंडा टिटवाळ्याच्या ताईंच्या मांडीवरून घरंगळला आणि दाराशी उभ्या असलेल्या एका बाईच्या पिशवीच्या बंदात अडकला. कोणाच्या लक्षात आलं नाही. घाटकोपर आलं, बाई उतरली, नव्हे, उतरवली गेली, आणि तिच्याबरोबर गुंडाही उतरला. ताई विणतायत, धागा येतोय, सगळं सुरळीत. फक्त धागा खालून यायचा तो आज वरून, दोन अनोळखी डोक्यांवरून येत होता. कोणाच्या तरी आंबाड्याला वेढा बसला. ‘अहो, हे काय, माझा गळा!’ अशी किंकाळी आली तेव्हा गाडी सुटली होती. फलाटावर ती बाई धावपळीत जिना चढतेय, गाडी इकडे दादरला निघालीय आणि मधे लिंबाच्या रंगाची रेघ ताणली जातेय. ‘कापा, कापा!’ असा ओरडा झाला. कात्री कोणाकडे नव्हती, नेलकटर मिळेपर्यंत विद्याविहार आलं असतं. शेवटी दारातल्या एका कोळीणबाईने धागा दाताने तोडला आणि ‘थू, मीठ नाय काय नाय’ म्हणाली.

खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी घाटकोपरची ती बाई आमचा डबा शोधत आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गुंडा, नीट गुंडाळलेला. म्हणाली, ‘दिवसभर ऑफिसात माझ्या मागे शेपूट होतं, साहेबांनी दाखवलं तेव्हा कळलं.’ आम्ही माफी मागितली. तर म्हणे, ‘माफी राहू द्या. हा रंग मुलाला घालणार आहात? कावीळ झाल्यासारखं दिसेल.’ आठ दिवसांत ती आमच्या बाकावर चौथी सीट होती. अशी मैत्रीण माहितीपत्रकात लिहून मिळत नाही.

भाचीच्या त्या देशाबद्दल मला आदरच आहे. कंटाळ्याची एवढी कदर जगात दुसरं कोणी करत नसेल. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीचं नाव एनआरके. आमची एनआरसी, त्यांची एनआरके. ज्या २००९ साली आमच्या कारखान्याची यंत्रं थांबली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात या एनआरकेने एक कार्यक्रम दाखवला: बर्गन ते ऑस्लो आगगाडीचा प्रवास, मिनिटामिनिटाचा, सात तासांहून जास्त. गोष्ट नाही, खून नाही. बोगदा आला की जुन्या चित्रफिती, बोगदा संपला की बर्फ. बारा लाखांच्या आसपास माणसांनी तो थोडाफार तरी बघितला म्हणे, आणि देशाची वस्ती तेव्हा पन्नास लाखही नव्हती. हुरूप येऊन त्यांनी २०१३ च्या नोव्हेंबरात विणकामाची राष्ट्रीय रात्र केली. आधी काही तास विणकामावर नुसती चर्चा. मग मेंढी आणली, तिची लोकर कातरली, तिथेच सूत कातलं आणि तिथेच स्वेटर विणायला घेतला. ऑस्ट्रेलियाचा चार तास एक्कावन्न मिनिटांचा विक्रम मोडायचा होता. मोडला नाही, आठ तासांच्या वर गेले. पण लोक जागून बघत बसले.

मी भाचीला म्हटलं, ‘तुमच्या लोकांनी गाडी वेगळी दाखवली आणि विणकाम वेगळं. दोन्ही एकत्र करायचं कसं सुचलं नाही? आमच्या सहा-बावन्नला कॅमेरा लावला असता तर चर्चा, गाडी, बोगदा, स्वेटर सगळं एका पासात झालं असतं. फक्त मेंढी आणायला गार्डने परवानगी दिली नसती.’

तिने मग मला चिडवायला तिकडच्या एकेक गोष्टी सांगायला सुरुवात केली. सेटेसडाल नावाच्या खोऱ्यात काळ्या स्वेटरवर पांढरे बारीक ठिपके विणतात, त्या स्वेटरचं नाव ‘लुसेकोफ्ते’, आणि ‘लुस’ म्हणजे ऊ. उवांचा स्वेटर! अभिमानाने घालतात. आम्ही लेडीज डब्यातून उवा घरी आणल्या तर सासूबाई तीन दिवस बोलत नसत. फिनलंडचा एक बर्फाच्या फळीवरच्या खेळाचा प्रशिक्षक, अँटी कोस्किनेन, २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये उतारावर उभा राहून विणत होता. खेळाडू झेप घ्यायच्या तयारीत आणि गुरुजींचं लक्ष टाक्यांत. हे मला पटलं. मुलांनी उडी मारण्याआधी आईबापांच्या हातात काहीतरी हवंच, नाहीतर उगाच सूचना देत बसतात. त्याच फिनलंडात योएन्सू नावाच्या गावी २०१९ साली हेवी मेटल विणकामाची जागतिक स्पर्धा झाली. मागे ढणढण गिटारी, पुढे स्पर्धक केस उडवत, उड्या मारत विणतायत. भाचीला वाटलं मला धक्का बसेल. पण आमच्या डब्यात एका टोकाला भजनी मंडळ असायचं, टाळ, ढोलकी आणि सीटचा पत्रा यांच्यासकट. ‘ज्ञानोबा माऊली’च्या ठेक्यावर मी एका महिन्यात तीन बंड्या काढल्यात. गजर चढला की टाके घट्ट येतात, एवढंच.

एक गोष्ट मात्र तिने सांगितली तेव्हा मी चिडवायचं विसरले. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर बोहुसलेन म्हणून भाग आहे. तिथे दगडफोडीचा धंदा होता, तो बसला आणि घरोघरचे पुरुष रिकामे झाले. बायका तिथल्या गव्हर्नरच्या बायकोकडे, एमा याकोब्सोनकडे काम मागायला गेल्या. तिने १९३९ साली विणकामाची संस्था काढली, बोहुस स्टिकनिंग. नमुने असे नाजूक रंगछटांचे की ते स्वेटर परदेशात महागड्या दुकानांत गेले. तीस वर्षं चाललं, १९६९ ला बंद झालं. मला आठवलं, आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याचा पगार थांबला होता तेव्हाचं. तोवर ती आम्हाला हसायची, ‘काय मेल्या सुया खुपसत बसता!’ एक दिवस गुपचूप येऊन म्हणाली, ‘मला शिकव. पैसे मिळतात का गं याचे?’ मिळायचे, पण थोडे. लहान मुलाच्या स्वेटरला चार दिवस जायचे आणि गिऱ्हाईक विचारायचं, ‘हातचं आहे, मग स्वस्त द्याल ना?’ तरी दोन वर्षं त्या डब्यातून तिच्या घरी रेशन गेलं. तिच्या ऑर्डरी आम्ही वाटून घ्यायचो. एक बाही शहाडवाली, दुसरी मी. माझा हात घट्ट, तिचा सैल, त्यामुळे एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब. गिऱ्हाइकाला सांगितलं, ‘वाढत्या अंगाचं आहे.’ त्याने ते ऐकूनही घेतलं.

तर ते पत्रक मी आमच्या ग्रुपवर टाकलं. आता सगळ्या रिटायर, ग्रुप फोनवर, नाव अजून ‘सहा-बावन्न’. दहा मिनिटांत उत्तरं आली.

‘आठच जणी? मग भांडायचं कोणाशी?’ हे शहाडवालीचं.

‘सात दिवस गप्प बसायचं आणि वर पैसे आपण द्यायचे?’ हे टिटवाळ्याच्या ताईंचं.

वासिंदच्या बाईंनी विचारलं, ‘तिकडे चहा कितीदा देतात?’ मी पत्रक बघून कळवलं की कॉफी देतात. त्यानंतर त्यांनी तो विषयच काढला नाही.

घाटकोपरच्या बाईंना मात्र वाटत होतं जावं. त्या म्हणाल्या, आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली नवऱ्याविना बोटीने अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या बर्फात साडी सोडली नाही, डॉक्टर झाल्या. आणि आपण विमानाने जायला घाबरतो! क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग ताईंचा निरोप आला, ‘त्या डॉक्टर व्हायला गेल्या होत्या. मी नातवाला काय सांगू, आजी अडीच लाख खर्चून उवांचा स्वेटर शिकायला गेली?’

तेव्हा ठरलं की सहल करायची, पण आपली. फक्त बायका, पाच जणी. घाई नाही, गोंगाट नाही. एका मंगळवारी दुपारची कसारा लोकल धरली आणि विणत निघालो. दुपारची गाडी ती, लेडीज डबा जवळजवळ रिकामा. पाच जणींना पाच खिडक्या मिळाल्या! एकतीस वर्षांत हे वैभव बघितलं नव्हतं. पाच खिडक्यांत पाच जणी बसल्या आणि पहिल्यांदा कळलं की एवढ्या लांबून ऐकू येत नाही. खडवली गेलं, वासिंद गेलं. आसनगावला माहुलीचे सुळके दिसले, ते ‘वा’ म्हणून बघून झाले. आटगाव, खर्डी. हवा छान, रान हिरवं, एक बाई करवंदं घेऊन चढली तिच्याकडून करवंदं घेतली. सगळं पत्रकात लिहिल्यासारखं. फक्त सुया चालेनात. माझा एक टाका सुटला, तो उचलायला गेले तर दुसरा सुटला. ताईंनी सहा ओळी घालून उसवल्या. शहाडवाली बाहेर बघत म्हणाली, ‘काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय गं. गॅस बंद केला होता ना मी?’

कसाऱ्याला उतरून वडे खाल्ले, चहा घेतला, त्याच गाडीने परत फिरलो. टिटवाळा आलं, ताईंनी उठायला हवं होतं. उठल्या नाहीत. आंबिवली आलं, मी उठले नाही. शहाड आलं आणि गेलं. कोणी कोणाला काही विचारलं नाही. कल्याणला उतरलो, ठाण्यापर्यंतची तिकिटं काढली, ठाण्याला जाऊन पुलावर उभं राहून संध्याकाळच्या गाड्या बघत राहिलो. एक सोडली, बरी रिकामी होती म्हणून. दुसऱ्या गाडीला दारात तीन जणी लोंबकळत होत्या.

‘हीच,’ घाटकोपरच्या बाई म्हणाल्या.

चढलो कशा ते विचारू नका, ठाण्याला चढायचं नसतं, चढवलं जातं. माझी चप्पल पायात आहे की नाही हे मुंब्र्यापर्यंत कळलं नाही. ताईंची वेणी कोणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये, शहाडवालीचं एका अनोळखी बाईशी भांडण सुरू, वासिंदच्या बाई त्या भांडणात दुसऱ्या बाजूने. एका कॉलेजच्या मुलीने सरकून मला चौथी सीट दिली, म्हणजे बाकाची चार बोटं कड. टेकले. पिशवी काढली. कोपरं बरगड्यांना चिकटवली. दोन सुलट, दोन उलट. हात असा सरसर चालायला लागला की दिव्याला बॉर्डर झाली आणि डोंबिवलीला मी बाहीचे टाके घालायला घेतले.

दारापासून तिसरी एक बाई माझ्या जागेवर डोळा ठेवून होती. वाकून विचारलं, ‘काकू, कुठे उतरणार?’

‘बत्तीस,’ मी म्हटलं.